दुसरी किल्ली

मी बँकेत लागलो ते १९८२ साली, तालुक्याच्या गावच्या एका शाखेत. तिथल्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अकाउंटंटकडे. दोन्ही लावल्याशिवाय दार उघडत नसे, आणि कोणी आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही असा नियम होता. नियम सगळीकडेच असतात. बाजाराच्या दिवशी गर्दी वाढली की 'टाका हो इकडे, मीच काढून आणतो' असे म्हणणारे असत आणि किल्ली टाकणारेही असत. आमचे अकाउंटंट मात्र डब्यातला वरणभात अर्धा ठेवून उठत, हात धुऊन रुमालाला पुसत तिजोरीपर्यंत चालत येत, आपली किल्ली आपल्या हाताने लावत आणि परत जाऊन गार झालेला भात खात. शाखाधिकाऱ्यांना त्याचा राग येई. 'ह्यांना काय वाटतं, बँक ह्यांच्या एकट्याच्या जिवावर चालते?' असे ते त्यांच्या पाठीमागे म्हणत. एका अर्थी ते खरेच होते. बँक त्या एकट्याच्या जिवावर चालत नव्हती. पण त्या एकट्यावाचून बंद मात्र राहू शकत होती.

हे गृहस्थ मला चाळीस वर्षांनी आठवले ते ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात. मुलगी तिथे नोकरीला असते. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे गेलो होतो. बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाचा उपयोग फारसा नसतो, अडचण मात्र होते. दोन-चार दिवसांनी मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही पार्लमेंट तरी बघून या. फुकट आहे." शेजारी राहणारे एक निवृत्त शाळामास्तर मला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे, घरात एकटेच. रस्ताभर त्यांनी मला क्रिकेटवर बोलते ठेवले. सिनेटच्या तांबड्या रंगाच्या सभागृहात, वरच्या गॅलरीत बसल्यावर मात्र ते गप्प झाले.

थोड्या वेळाने घंटा वाजू लागली. मतविभागणीची घंटा चार मिनिटे वाजते, मग दारे बंद होतात. विधेयकाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजवीकडे जाऊन बसतात, विरोधातले डावीकडे, आणि डोकी मोजली जातात. पक्षांचे सभासद कळप चालावा तसे आपापल्या बाजूला गेले. एक रुंद खांद्यांचा तरुण मात्र एकटाच उठला आणि पलीकडे जाऊन बसला. "हा पोकॉक," मास्तर म्हणाले. "२०२२ साली मी त्याला मत दिलं. पन्नास वर्षं मी इथे मत देतोय. मोजलं गेलेलं ते पहिलंच."

हे बोलणे मला घरी येईपर्यंत नीट समजले नाही. मग गणित मांडले. सिनेटमध्ये ७६ जागा. सहा राज्यांना प्रत्येकी १२. टास्मानिया एवढेसे बेट असले तरी त्यालाही १२. दोन केंद्रीय प्रदेशांना प्रत्येकी दोन. कॅनबेरा त्या दोन जागांवाल्या प्रदेशात. दोन जागा म्हटल्यावर निवडून यायला साधारण एक तृतीयांश मते लागतात, आणि त्यामुळे १९७५पासून प्रत्येक निवडणुकीत एक जागा मजूर पक्षाला आणि एक लिबरल पक्षाला जात आली. निकाल जणू मतपत्रिका छापतानाच लागलेला! मतदान सक्तीचे असल्याने जाऊन रांगेत उभे राहायचे, एवढेच.

मे २०२२मध्ये ही वाटणी मोडली. डेव्हिड पोकॉक हा ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघाचा माजी कर्णधार. बालपण झिंबाब्वेतल्या शेतावर गेले; तिथल्या जमिनींचा प्रश्न पेटल्यावर कुटुंब २००२ साली ब्रिस्बेनला आले. २०१४मध्ये, खेळाडू म्हणून ऐन भरात असताना, एका कोळसा खाणीच्या विरोधात त्याने स्वतःला खोदाईच्या यंत्राला बांधून घेतले आणि अटक करून घेतली. असा माणूस राजकारणात आला की भाषणे फार करील, असे आपल्याला वाटते. पहिल्या पसंतीची मते त्याला २१ टक्क्यांच्या आसपास पडली. इतरांची दुसरी-तिसरी पसंती मिळवत तो निवडून आला आणि लिबरल पक्षाची जागा गेली.

आता खरी गंमत. त्या वर्षी मजूर पक्षाचे सिनेटर होते २६, ग्रीन पक्षाचे १२. बेरीज ३८. सिनेटमध्ये मते समसमान पडली तर प्रस्ताव फेटाळला जातो. अध्यक्षांना जादा मत नाही. म्हणजे ३८ मते असून सरकार हरणार आणि ३९ झाली की जिंकणार. तिजोरीला दुसरी किल्ली लागत होती.

'अपक्ष' हा शब्द आपल्याकडे कानावर पडला की कोणती चित्रे डोळ्यांपुढे येतात ते सांगायला नको. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांच्या पाठिंब्यावर सरकार बसले, तेव्हाच्या गमतीजमती माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्यामुळे मला कुतूहल असे वाटले की, या माणसाने किल्लीचे केले काय? नातू निजला की मी मुलीच्या संगणकावर सिनेटचे कार्यवृत्त उघडून बसू लागलो. कोण कोणत्या बाजूला बसला याची नावनिशीवार नोंद तिथे असते. माणूस काय बोलतो ते ऐकावे, पण कर्ज देण्याआधी त्याचा खातेउतारा पाहावा, ही जुनी सवय.

आणि हा उतारा वाचता वाचता मी पंचवीस वर्षे मागे, दुसऱ्याच एका अपक्षाच्या खात्यात शिरलो. त्याशिवाय पोकॉक कळत नाही.

ब्रायन हॅराडीन हे टास्मानियाचे. मूळचे कामगार संघटनेतले, श्रद्धेने कडवे कॅथलिक. मजूर पक्षाने १९७५ साली त्यांची हकालपट्टी केली आणि त्याच वर्षी ते अपक्ष म्हणून सिनेटमध्ये आले, ते २००५पर्यंत राहिले. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी एका विधवेशी लग्न केले. तिची आणि त्यांची मिळून तेरा मुले. अशा घरातल्या माणसाला पैशाचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.

१९९६ साली पंतप्रधान झालेल्या जॉन हॉवर्ड यांच्या आघाडीकडे सिनेटमध्ये ३७ मते होती. दोन कमी. एक मत हॅराडीनचे. दुसरे मिळाले मॅल कोल्स्टन यांचे. कोल्स्टन मजूर पक्षाचे सिनेटर. ऑगस्ट १९९६मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि त्याच दिवशी सरकारच्या पाठिंब्यावर सिनेटचे उपाध्यक्ष झाले. आपल्याकडच्यासारखा पक्षांतरबंदीचा कायदा तिथे नाही, त्यामुळे जागा शाबूत राहिली. पुढे त्यांच्यावर प्रवासभत्त्याच्या बिलांवरून खटला भरला गेला, आजारपणामुळे तो मागे घेण्यात आला. या गृहस्थांवर आणखी शाई खर्च करण्याचे कारण नाही.

हॅराडीन यांची गोष्ट अशी सरळ नाही. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. टेल्स्ट्रा या सरकारी दूरध्वनी कंपनीचा तिसरा हिस्सा विकायला त्यांनी १९९६मध्ये संमती दिली आणि टास्मानियाच्या पदरात पर्यावरणासाठी, दूरध्वनी सेवेसाठी भरघोस निधी पाडून घेतला. पाच लाखांच्या आसपास लोकवस्तीचे गरीब बेट. त्याचा माणूस दुसरे काय करणार? आपला आमदार पूल आणि पाझर तलाव आणतो, तसेच ते. हीच रीत टास्मानियात पुढेही चालली. जॅकी लँबी यांच्या गटाने २०१९मध्ये सरकारच्या आयकर कपातीला मते दिली आणि काही आठवड्यांनी टास्मानियाचे घरबांधणीचे १५ कोटी ७६ लाख डॉलरचे कर्ज माफ झाले. कर्जमाफी म्हटली की माझ्यातला बँकवाला दचकतो. पण हप्ते फेडण्यात जाणारा पैसा घरांकडे वळणार होता, तेव्हा गप्प बसतो.

हॅराडीन यांच्या खात्यातली सर्वांत मोठी नोंद नकाराची आहे. हॉवर्ड यांना वस्तू व सेवा कर आणायचा होता. १९९८ची निवडणूक त्यांनी याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. सगळा देश एका माणसाकडे बघत बसला. महिनेच्या महिने ते आकडे मागवत होते, प्रश्न विचारत होते आणि काय करणार ते सांगत नव्हते. १४ मे १९९९ रोजी ते सिनेटमध्ये उठले. हा कर गरिबाला श्रीमंतापेक्षा जड जाईल आणि एकदा बसवला की पुढच्या पिढ्यांच्या मानेवर राहील, अशा अर्थाचे बोलून, आपल्याला याला मत देता येणार नाही असे त्यांनी सांगितले. त्या वेळी ते जे मागतील ते मिळाले असते. त्यांनी काही मागितले नाही.

कर मात्र आलाच. हॉवर्ड यांनी डेमोक्रॅट नावाच्या लहान पक्षाशी तडजोड केली, मूलभूत खाद्यपदार्थ वगळले आणि १ जुलै २००० पासून कर लागू झाला. आपल्याकडेही तो १ जुलैलाच आला, २०१७ साली. तडजोडीनंतर डेमोक्रॅट पक्षात फूट पडत गेली आणि २००८च्या जूनअखेर सिनेटमध्ये त्यांचा एकही सभासद उरला नाही. ऑस्ट्रेलियात दुधा-भाकरीवर हा कर नाही, याचे श्रेय बुडालेल्या त्या पक्षाचे. पण हॅराडीन हो म्हणाले असते तर ती तडजोड करण्याची वेळच आली नसती.

इथपर्यंत वाचून मी त्यांच्या प्रेमातच पडलो होतो. मग १९९६ची आणखी एक नोंद सापडली. गर्भपाताच्या गोळीला परवानगी द्यायची तर औषध नियंत्रकांचा होकार पुरणार नाही, आरोग्यमंत्र्यांची लेखी मंजुरी लागेल, अशी दुरुस्ती त्यांनी आणली आणि दोन्ही मोठ्या पक्षांनी निमूटपणे मान्य केली. परदेशांना कुटुंबनियोजनासाठी जाणाऱ्या मदतीवरही त्याच वर्षी बंधने आली. तो पैसा गर्भपाताशी संबंधित कशालाही वापरायचा नाही. गरीब देशांतल्या ज्या बायकांना त्याची झळ बसली त्यांनी टास्मानिया नकाशातसुद्धा पाहिला नसेल. गोळीवरची दुरुस्ती २००६च्या फेब्रुवारीत, हॅराडीन निवृत्त झाल्यावर, रद्द झाली. चार वेगवेगळ्या पक्षांच्या चार महिला सिनेटरांनी एकत्र येऊन ते विधेयक आणले होते. मदतीवरचे बंधन २००९पर्यंत टिकले.

करापुढे न झुकणारा माणूस आणि हा माणूस एकच. आपल्या अंतरात्म्याशिवाय कोणाला उत्तर द्यायचे नाही, हेच दोन्हीकडे. अंतरात्मा चांगला की वाईट हा प्रश्न मी विचारत नाही. तो प्रामाणिक होता. पण तिजोरी लोकांची असते, आणि दुसऱ्या किल्लीवाल्याचे काम आपल्याला आवडणाऱ्या ग्राहकालाच पैसे देण्याचे नसते.

याच १९९०च्या दशकातली एक गोष्ट मास्तरांपर्यंत येऊन पोहोचते. नॉर्दर्न टेरिटरी या केंद्रीय प्रदेशाने १९९५ साली असाध्य रोग्याला वैद्यकीय मदतीने मृत्यू पत्करण्याचा हक्क देणारा कायदा केला. १९९७मध्ये केंद्रीय संसदेने तो निष्प्रभ केला आणि असा कायदा करण्याचा अधिकारच केंद्रीय प्रदेशांकडून काढून घेतला. कॅनबेराचाही. हॅराडीन अर्थातच या बंदीच्या बाजूचे. पुढे वर्षे गेली, मते पालटली, आणि २०२२पर्यंत सहाही राज्यांनी आपापले कायदे केले. कॅनबेराच्या शेजारी गावाची हद्द ओलांडली की न्यू साउथ वेल्स लागते. तिथल्या विधिमंडळाला अधिकार आणि इथल्याला नाही. मास्तरांच्या पत्नी २०१९मध्ये गेल्या. दुखणे लांबले होते. त्या काय मागत होत्या हे त्यांनी मला एका संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून सांगितले. मी ते इथे लिहीत नाही.

पोकॉकने निवडणुकीतच हा प्रश्न घेतला होता. विधेयक मजूर पक्षाच्या दोन खासदारांनी आणले, तेव्हा सगळे श्रेय त्याच्या खात्यावर जमा करणे चूक होईल. पण तो सिनेटमध्ये त्यामागे उभा राहिला आणि १ डिसेंबर २०२२ रोजी प्रदेशांचा अधिकार परत मिळाला. लक्षात घ्या, मृत्यूचा कायदा त्याने केला नाही. तो करायचा की नाही हे कॅनबेराच्या लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी ठरवायचे, एवढेच ठरले.

त्याच आठवड्यात त्याच्या किल्लीचा सर्वांत मोठा व्यवहार चालू होता. सरकारला कामगार कायद्यात बदल हवे होते: अनेक मालकांशी एकत्र वाटाघाटी करण्याचा हक्क वगैरे. नाताळच्या सुट्टीआधी विधेयक मंजूर व्हायला हवे होते. पोकॉकने मत दिले, पण दोन गोष्टी घेऊन. अशा वाटाघाटींतून १५पेक्षा कमी नोकर असलेले धंदे वगळले होते, ती मर्यादा २०वर नेली. दुसरी गोष्ट मला जास्त नवलाची वाटली. बेकारभत्ता आणि इतर मदत जगायला पुरते का, हे तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने दरवर्षी अर्थसंकल्पाआधी सांगायचे आणि अहवाल जाहीर करायचा. मानायचा की नाही ते सरकारने ठरवावे. पण आपल्याला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय राहू नये. एका मताच्या बदल्यात पूल नाही, निधी नाही, दरवर्षीचे इन्स्पेक्शन!

इन्स्पेक्शन रिपोर्टाचे काय होते हे बँकवाल्याला विचारा. समितीच्या २०२३च्या पहिल्याच अहवालाने सांगितले की बेकारभत्ता फारच तुटपुंजा आहे, तो वृद्धांच्या पेन्शनच्या ९० टक्क्यांपर्यंत न्यावा. सरकारने मे महिन्याच्या अर्थसंकल्पात पंधरवड्याला ४० डॉलर वाढवले. म्हणजे दिवसाला तीन डॉलरसुद्धा नाहीत. तेवढ्यात कॅनबेरात कॉफीचा एक पेला येत नाही, हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. हवामानाबद्दलचे निर्णय घेताना मुलांच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या हिताचा विचार सरकारने केलाच पाहिजे, असे त्याचे स्वतःचे विधेयकही २०२३पासून पुढे सरकले नाही. जुगाराच्या जाहिरातींवर पूर्ण बंदी आणण्याचा त्याचा आग्रह कार्यवृत्तात जागोजाग दिसतो. निवडून आल्यावर पहिल्या तीन वर्षांत तशी बंदी आली नाही.

शिवाय किल्लीचे वजन कायम नसते. फेब्रुवारी २०२३मध्ये लिडिया थॉर्प ग्रीन पक्षातून बाहेर पडल्या आणि ३८चे ३७ झाले. आता एकटा पोकॉक पुरेना. त्याने लँबींशी जुळवून घेतले. २०२३च्या अखेरीस सरकारच्या दुसऱ्या एका लांबलचक कामगार विधेयकातले ज्यावर फारसा वाद नव्हता ते भाग वेगळे काढून आधी मंजूर करायला लावले. आग विझवणारे, रुग्णवाहिकेवरचे, पोलीस यांना कामातून मनावर आघात झाला तर भरपाई मिळवणे सोपे करण्याचे कलम त्यात होते. उरलेल्यावर वाद घाला, पण त्यासाठी यांना ताटकळत ठेवू नका, हे म्हणणे मला पटले.

मे २०२५च्या निवडणुकीत मात्र सगळे उलटेपालटे झाले. पोकॉकला कॅनबेराने ३९ टक्क्यांच्या आसपास पहिल्या पसंतीची मते दिली, मोठ्या पक्षांच्याही वर. आणि त्याच निवडणुकीत मजूर आणि ग्रीन मिळून ३९ झाले. लोकांनी किल्ली दुप्पट विश्वासाने त्याच्या हाती दिली, आणि तिजोरीला तिची गरज उरली नाही!

इथे मी उतारा जास्त बारकाईने पाहू लागलो. ज्याचे मत अडले असते त्याचे सगळेच ऐकतात. मत अडेनासे झाल्यावर माणूस काय करतो?

ऑक्टोबर २०२५मध्ये त्याला खासदारांच्या स्पोर्ट्स क्लबातून काढून टाकले. जुगार कंपन्यांची संघटना या क्लबाच्या प्रायोजकांत कशी, असे तो विचारत होता. देशाचा माजी रग्बी कर्णधार खेळाच्या क्लबातून बाहेर! कादंबरीत घातले असते तर संपादकाने खोडले असते. त्याच सुमारास दुसरा प्रश्न चालू होता. सरकारी मंडळांवर आपली माणसे कशी नेमली जातात यावर २०२३ साली मागवलेला अहवाल सरकार दाबून बसले होते. सिनेटने मागितला तरी देईना. पोकॉकच्या ठरावावरून विरोधी पक्ष आणि इतरांनी मिळून प्रश्नोत्तरांचा तास लांबवला. अहवाल येईपर्यंत मंत्र्यांनी रोज जास्त वेळ उभे राहून उत्तरे द्यावीत. सरकारची चिडचिड झाली. डिसेंबरमध्ये अहवाल बाहेर आला. यात त्याच्याकडे सौदा करायला काही नव्हते. ज्यांच्याशी त्याचे एरवी पटत नाही अशा लोकांना त्याने एका बाजूला बसवले, एवढेच.

आमच्या अकाउंटंटांची पुढे बदली झाली आणि मुख्य कचेरीत त्यांना टेबल मिळाले, किल्ली नव्हे. तिथेही ते व्हाउचरवर सही करण्याआधी प्रत्येक कागद उलटून पाहत, असे ऐकले होते. त्यांचे नाव कोणाच्या लक्षात नाही. केंद्रीय प्रदेशाच्या सिनेटरची मुदत कनिष्ठ सभागृहाबरोबरच संपते, राज्यांच्या सिनेटरांसारखी सहा वर्षे नसते. म्हणजे पोकॉकला जास्तीत जास्त तीन वर्षांनी पुन्हा लोकांपुढे उभे राहायचे आहे. मास्तर तोवर असतील की नाही, कोणास ठाऊक.

कॅनबेराच्या विधिमंडळाने २०२४च्या जूनमध्ये आपला कायदा केला आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तो अंमलात आला. त्या आठवड्यात मुलीचा फोन आला तेव्हा मी मास्तरांची चौकशी केली. ती म्हणाली, बाळाला घेऊन त्यांच्याकडे गेले होते, टीव्हीवर ती बातमी लागली होती. ते काही म्हणाले का, असे मी विचारले. "उशीर झाला, म्हणाले. मग बाळाशी खेळत बसले."

माझी आई १९९४ साली गेली. शेवटचे चार महिने तिनेही काही मागितले होते, आणि आम्ही भावंडांनी ऐकू न आल्यासारखे केले. मी त्या तांबड्या सभागृहात असतो आणि घंटा वाजली असती, तर उठून कोणत्या बाजूला जाऊन बसलो असतो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.